काटक की कृश?

आमच्या कोल्हापुरात बारीक माणसासाठी दोन वेगळे शब्द आहेत. अंगाने बारीक पण दमाला चिवट असेल तर तो 'काटक'. नुसताच बारीक असेल तर 'काटकुळा' किंवा 'हडकुळा'. वजनकाट्यावर हे दोघे सारखेच भरू शकतात, पण तालमीतला वस्ताद त्यांच्यात कधी घोटाळा करणार नाही. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव आमच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांचा वजनगट होता ५७ किलोंचा. खासबाग मैदानात उतरणाऱ्या धिप्पाड मल्लांपुढे हे वजन काहीच नव्हे. पण त्यांना काटकुळे म्हणण्याची कुणाची छाती झाली नसती.

वस्तादाला नजरेने कळणारा हा फरक वैद्यकशास्त्राला आकड्यांत पकडायला फार वर्षे लागली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. तो कसा कळत गेला आणि अजूनही तो आपल्या हातून कसा निसटतो, याची ही हकिकत आहे.

निमित्त घरचेच आहे. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यात राहणाऱ्या आमच्या मावशींचा उजवा गुडघा काही वर्षांपूर्वी बदलला. वय ६८, उंची १४७ सेंटिमीटर, वजन ३८ किलो. शस्त्रक्रियेच्या आधी जो तो एकच गोष्ट बोलून दाखवत होता : "बरं आहे, अंगानं हलक्या आहात, नव्या गुडघ्यावर भार पडायचा नाही." आम्हालाही ते पटले होते. शस्त्रक्रिया चांगली झाली, सांधा क्ष-किरण चित्रात अगदी ओळंब्यात दिसत होता. पण मावशींना दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. जखमेचा खालचा कोपरा पाच आठवडे ओला राहिला. काठीशिवाय अंगणात यायला चार महिने लागले. शेजारच्या खाटेवरच्या, त्यांच्या दुप्पट वजनाच्या बाई मात्र चौथ्या दिवशी वॉकर घेऊन स्वच्छतागृहापर्यंत जात होत्या. सर्जन तेच, सांधा त्याच कंपनीचा, आठवडाही तोच. आम्ही काही शल्यचिकित्सक नव्हे, आमचे काम प्रथिनांच्या रसायनशास्त्रातले. त्यामुळे उत्तर शोधायला आम्ही आमच्याच शास्त्राच्या जुन्या कागदांकडे वळलो, आणि तिथे पहिली गाठ पडली ती मोडलेल्या पायांशी.

लघवीतून जाणारा स्नायू

१९२९-३०च्या सुमारास स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या रुग्णालयात डेव्हिड कथबर्टसन नावाचे तरुण जीवरसायनशास्त्रज्ञ काम करत होते. पायाचे हाड मोडलेल्या काही धडधाकट रुग्णांची हाडे जुळायला इतका वेळ का लागतो, असा प्रश्न तेथील सर्जनांना पडला होता. हाड म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस, तेव्हा तेच लघवीतून वाहून जात असावेत अशी शंका साहजिक होती. कथबर्टसन यांनी रुग्णांची चोवीस तासांची लघवी रोज गोळा करून तपासली. कॅल्शियमबरोबर त्यांना भलतीच गोष्ट सापडली. नायट्रोजन, गंधक आणि पोटॅशियम नेहमीपेक्षा बरेच जास्त बाहेर पडत होते, आणि त्यांचे एकमेकांशी प्रमाण स्नायूंमध्ये असते तसे होते. मोडले होते हाड, पण झिजत होते मांस. तेही फक्त मोडलेल्या जागेचे नव्हे, सगळ्या शरीराचे. हा ऱ्हास पहिल्या दिवशी दिसत नसे. तो हळूहळू वाढे, चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान शिखराला पोहोचे आणि मग उतरे.

वर्गात हे गणित करून पाहण्यासारखे आहे. प्रथिनांत वजनाने सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून १ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे साधारण सव्वासहा ग्रॅम प्रथिन. ताज्या स्नायूत प्रथिन असते पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक पाणी. समजा, मोठ्या दुखापतीनंतर दिवसाला १० ग्रॅम नायट्रोजन जास्तीचा गेला, तर ते झाले साडेबासष्ट ग्रॅम प्रथिन, म्हणजेच सुमारे ३०० ग्रॅम स्नायू. दहा दिवस हे चालले तर ३ किलो. नियोजित शस्त्रक्रियेत एवढी हानी सहसा होत नाही, पण दिशा तीच असते.

शरीर असे का करते? जखम भरायला, रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी तयार करायला आणि यकृतातून संरक्षक प्रथिने बनवायला अमिनो आम्ले तातडीने लागतात. ती साठवून ठेवायला शरीराकडे कोठार नाही. चरबीला कोठार आहे, साखरेला थोडेसे आहे, प्रथिनाला नाही. मग चालता-फिरता स्नायूच मोडून वापरला जातो. घरातले लाकूडसामान फोडून चूल पेटवण्यातलाच हा प्रकार. ज्याच्या घरात सामान जास्त, त्याचे निभावते. मावशींच्या घरात मुळात एक पाट आणि एक घडवंची होती.

कथबर्टसन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रुग्णाला भरपूर खायला घातले तरी सुरुवातीच्या दिवसांतली ही गळती पूर्ण थांबत नाही, फक्त कमी होते. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात कामाला येते ती मुख्यतः आधी जमवलेली शिल्लक.

किती वजन नव्हे, किती घटले

शिल्लक मोजायची कशी, या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर १९३६ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातून आले. वजनकाटा तोवर डॉक्टरांना अपरिचित होता असे नाही. क्षयरोगाच्या आरोग्यधामांत तर तो उपचाराचा कणाच होता. स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी हवा, विश्रांती आणि दूधअंडी एवढीच औषधे होती, आणि रुग्ण सुधारतो आहे की नाही ते काटाच सांगे. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला असे आरोग्यधाम होते. या भागातल्या जुन्या पिढीला ते नाव ऐकूनच खोकला आठवे. पण शस्त्रक्रियेच्या खोलीत काट्याला फारसे कोणी विचारत नव्हते.

हायरम स्टडली यांनी जठराच्या जुनाट व्रणासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांचे कागद काढले. वय, हृदयाची स्थिती, शस्त्रक्रियेचा प्रकार, तिला लागलेला वेळ असे सगळे तपासले, पण कशानेच मृत्यूंचा उलगडा होईना. शेवटी त्यांनी आजारापूर्वीचे वजन आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे वजन यांची तुलना केली. २८ रुग्णांचे वजन २० टक्क्यांहून कमी घटले होते; त्यांतला एक दगावला. १८ जणांचे २० टक्क्यांहून जास्त घटले होते. त्यांतले सहा दगावले. टक्केवारीत साडेतीनाला तेहतीस. ४६ ही संख्या लहान आहे हे खरे, आजच्या कोणत्याही परीक्षकाने तेवढ्यावरून नाक मुरडले असते. तरीही हा निबंध ऐंशी-नव्वद वर्षे वाचला जातो आहे, कारण त्याने प्रश्न बदलला. 'वजन किती?' याऐवजी 'पूर्वी किती होते?' असे विचारायला त्याने शिकवले. काटक आणि काटकुळा यांच्यातला भेद आकड्यांत पकडण्याचा हा पहिला चांगला प्रयत्न होता. जो वीस वर्षे ५० किलोंचा आहे तो आणि जो सहा महिन्यांत ६५चा ५० झाला तो, हे दोघे काट्यावर सारखे असले तरी शरीराने वेगळे असतात.

शरीर घटते म्हणजे आत काय होते, ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी तपासले. युद्धात लढायला नकार दिलेल्या ३६ तरुणांनी आपणहोऊन सहा महिने अर्धपोटी राहण्याचे पत्करले. युद्धानंतर उपाशी युरोपला खायला कसे घालायचे हे ठरवण्यासाठी ही माहिती हवी होती. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. नाडी मंदावली, थंडी सहन होईना, हातापायांतली ताकद गेली, मन अन्नाशिवाय कशात रमेना. भरपेट जेवण सुरू झाल्यावर चरबी आधी परत आली आणि स्नायू मागून, फार सावकाश. कीज यांचे दोन जाडजूड खंड १९५० साली निघाले. कमी वजनाच्या म्हाताऱ्या माणसाला शस्त्रक्रियेआधी पंधरा दिवस तूपसाखर खाऊ घालून काम का भागत नाही, त्याचे उत्तर त्यात आहे.

याच कीज यांनी १९७२ साली वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या संख्येला आजचे प्रसिद्ध नाव दिले : बॉडी मास इंडेक्स, बीएमआय. सूत्र त्यांचे नव्हे. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३०च्या दशकात ते मांडले होते, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी, एकेका रुग्णासाठी नाही. प्रौढांच्या बाबतीत १८.५च्या खाली कमी वजन, ही रेघ त्याहून नवी आहे. जेम्स, फेरो-लुझी आणि वॉटरलो या तिघांच्या १९८८च्या मांडणीतून ती पुढे आली. मावशींची उंची १.४७ मीटर, तिचा वर्ग २.१६. अडतीसला त्याने भागले की १७.६ येतात. रेघेच्या वर यायला त्यांना ४० किलो भरायला हवे होते. फरक अवघ्या दोन किलोंचा, पण त्यांच्या केसपेपरवर उंचीच लिहिलेली नव्हती, मग भागाकार कोण करणार?

यात नवल नाही. १९७४ साली चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकी डॉक्टरांनी एका गाजलेल्या लेखात आपल्याच व्यवसायाला फटकारले होते : रुग्णालयातले कुपोषण बऱ्याच अंशी रुग्णालयच घडवते. उंची आणि वजन लिहून ठेवत नाहीत, तपासण्यांसाठी रुग्णाला वरचेवर उपाशी ठेवतात, आणि दिवसचे दिवस नुसत्या साखरपाण्याच्या सलाईनवर टांगतात. शेवटचा मुद्दा आपल्या गावांत मोठ्याने वाचून दाखवण्याजोगा आहे. 'सलाईन लावली की ताकद येते' हा समज आपल्याकडे किती खोल रुजलेला आहे! पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटरच्या बाटलीत ५० ग्रॅम ग्लुकोज असते. त्यातून मिळणारी ऊर्जा दोनशे कॅलरींच्या आतबाहेर, म्हणजे जोंधळ्याच्या एका भाकरीएवढी. प्रथिन शून्य. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर ऊर्जाही शून्य. शिरेवाटे संपूर्ण पोषण देता येते, हे स्टॅन्ली डड्रिक यांनी फिलाडेल्फियात आधी कुत्र्याच्या पिल्लांवर आणि मग रुग्णांवर १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले. पण ती महागडी, जोखमीची आणि वेगळीच गोष्ट. खाटेशेजारी लटकणारी रोजची बाटली म्हणजे ते नव्हे.

खुबा, गुडघा आणि नळी

कृत्रिम सांध्याचे आधुनिक पर्व १९६२च्या नोव्हेंबरात सुरू झाले असे मानतात. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन येथे जॉन चार्नली यांनी धातूचा लहान गोळा आणि दाट पॉलिथिलीनची वाटी असलेला खुब्याचा सांधा बसवायला सुरुवात केली. (आमचे शिवाजी विद्यापीठही त्याच महिन्यातले, १८ नोव्हेंबरचे, योगायोग एवढाच.) सुरुवातीची सगळी चिंता सांधा झिजण्याची आणि जखमेत जंतू शिरण्याची होती. रुग्णाच्या वजनाचा विचार झाला तो जास्त वजनाच्या अंगाने, आणि ते समजण्यासारखे आहे. जाडीमुळे गुडघे लवकर झिजतात, त्यामुळे सांधा बदलायला येणाऱ्यांत जाड माणसेच जास्त. बारीक रुग्ण मोजके, म्हणून अभ्यासात ते बहुधा 'सामान्य' गटातच ढकलले जात. त्यांचा वेगळा रकानाच नव्हता.

त्यांच्याकडे लक्ष गेले ते खुब्याचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बायकांमुळे. कृश म्हातारी न्हाणीघरात घसरते, ठिसूळ झालेले मांडीचे हाड खुब्याशी मोडते, आणि अनेकदा हाडाचा गोळा बदलावा लागतो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या बॅस्टो, रॉलिंग्ज आणि ॲलिसन यांनी अशा सातशेहून जास्त स्त्रिया तपासल्या. त्यांनी दंडाचा घेर आणि दंडामागच्या कातडीच्या घडीची जाडी मोजून तीन गट केले : सुपोषित, बारीक आणि फार बारीक. जसजसे बारीकपण वाढले तसतसे मृत्यूचे प्रमाण चढत गेले आणि पायावर उभे राहायला लागणारे दिवसही. मग बारीक आणि फार बारीक स्त्रियांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे निवडून, रात्री झोपेत नाकातल्या नळीवाटे सुमारे हजार कॅलरींचे पातळ अन्न दिले. दिवसाचे जेवण नेहमीचेच. १९८३ साली निकाल छापून आला. सर्वांत जास्त फायदा फार बारीक गटाला झाला, त्या लवकर हिंडूफिरू लागल्या. पण नळी सोसवली नाही म्हणून ती काढून टाकणाऱ्याही पुष्कळ निघाल्या.

१९९० साली जिनिव्हाच्या संशोधकांनी नळी टाळली. खुबा मोडलेल्या ५९ वृद्धांपैकी निम्म्यांना रोज जेवणाखेरीज एक पेलाभर पेय दिले : २५४ कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिन, महिनाभर. पेय घेणाऱ्यांचा रुग्णालयातला मुक्काम २४ दिवसांचा, न घेणाऱ्यांचा ४० दिवसांचा. इतक्या साध्या गोष्टीने इतका फरक पडावा याचा त्या वेळी खूप गवगवा झाला. नंतरच्या चाचण्यांत एवढा झगझगीत परिणाम नेहमी आढळला नाही, हेही सांगायला हवे. सगळ्यांचे एकत्र वजन केले तर असे दिसते की पूरक आहाराने गुंतागुंत कमी होण्याची शक्यता आहे, पण मृत्यू टळतात असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. अन्नावरच्या चाचण्या औषधांच्या चाचण्यांपेक्षा कठीण असतात. अन्न कोणाला 'न देता' ठेवता येत नाही.

गेल्या दोन दशकांत निरनिराळ्या देशांच्या सांधेरोपणाच्या मोठमोठ्या नोंदवह्या हाती आल्या, आणि मग बारीक रुग्णांचा रकाना अखेर भरला. आलेख उताराचा नसून होडीच्या तळासारखा निघाला. धोका जाडीच्या टोकाला वाढतो तसाच बारीकपणाच्या टोकालाही. बारीक रुग्णांना रक्त जास्त वेळा द्यावे लागते, मुक्काम लांबतो, आणि खुब्याच्या बाबतीत रोपणाभोवतीचे हाड मोडण्याचे भय राहते. यातली काही कारणे सोपी आहेत. शरीरात किलोमागे सुमारे ६५ मिलिलिटर रक्त असते असे धरू. मावशींच्या अंगात झाले साधारण २,४७० मिलिलिटर. ६५ किलोंच्या बाईच्या अंगात ४,२२५. शस्त्रक्रियेत आणि नंतरच्या दोन दिवसांत ७०० मिलिलिटर गेले तर मावशींचे २८ टक्के गेले, त्या बाईंचे १७. सर्जनच्या हाताखाली सांडलेले रक्त तितकेच, पण एकीची घागर लहान. त्यात आपल्याकडच्या बायकांचे हिमोग्लोबिन आधीच खाली. ट्रॅनेक्सॅमिक आम्लाच्या वापराने हा रक्तस्राव आता पुष्कळ कमी झाला आहे, ही बारीक रुग्णांसाठी विशेष चांगली बातमी. मापाचाही प्रश्न होता. पाश्चात्त्य बांध्यासाठी घडवलेले सांधे लहान चणीच्या गुडघ्याला मोठे पडत, पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय गुडघ्यासाठी 'इंडस' सांधा आखला त्यामागे हेही एक कारण.

सुखात्मे, याज्ञिक आणि आपला बारीकपणा

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मोठ्या माणसाच्या नावाने येतो. आपल्याकडची माणसे मुळातच लहान चणीची आणि बारीक. त्यांना युरोपच्या मापाने मोजून आजारी का ठरवायचे?

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. संख्याशास्त्रज्ञ म्हणून ते जागतिक कीर्तीचे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे वीस वर्षे प्रमुख. निवृत्तीनंतर पुण्यात येऊन त्यांनी दोन मुद्दे हिरिरीने मांडले. पहिला असा की 'प्रथिनांची टंचाई' हा बागुलबुवा आहे. भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर प्रथिन आपोआप पुरते. पोटच भरत नसेल तर खाल्लेले प्रथिनही इंधन म्हणून जळून जाते. खरी टंचाई ऊर्जेची. हा मुद्दा काळाच्या कसोटीला बऱ्यापैकी उतरला. बारीक रुग्णाला नुसता महागड्या प्रथिनपावडरीचा डबा आणून देणाऱ्या नातेवाइकांनी तो ध्यानात ठेवावा. दुसरा मुद्दा वादाचा ठरला. एकाच माणसाचे खाणे आणि ऊर्जेचा खर्च दिवसागणिक बदलतो, शरीर त्याच्याशी जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित नव्हे, असे ते म्हणत. डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी त्याला पुढे 'लहान पण निरोगी' असे रूप दिले. डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर कडाडून हल्ला चढवला. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनीही सुखात्म्यांच्या हिशेबाशी वाद घातला. हा वाद दारिद्र्यरेषेवरून चालला होता. त्यात शस्त्रक्रियेचा विषय कोणी काढला नव्हता.

तो काढला असता तर वाद लवकर मिटला असता, असे आमचे मत आहे. रोजच्या कामाला पुरणारे शरीर आणि संकटाला पुरणारे शरीर या दोन गोष्टी आहेत. मावशी ३८ किलोंवर शेतात भांगलण करत होत्या, डोक्यावर वैरण आणत होत्या. सुखात्म्यांच्या अर्थाने त्यांनी जुळवून घेतले होते. हिशेब रोजच्या जमाखर्चाचा होता तोवर तो जुळत होता. एका सकाळी शरीराला दहा दिवसांत मोठी उचल द्यावी लागली, तेव्हा शिल्लक नाही हे उघड झाले.

दुसरे नाव पुण्याचेच. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याभोवतीच्या गावांतल्या माता आणि बाळे मोजत आले आहेत. ही बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पण कमतरता सगळ्या अवयवांत सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव लहान, चरबी मात्र बरीचशी राखलेली. 'बारीक पण चरबीयुक्त' हे भारतीय शरीराचे वर्णन इथून प्रसिद्ध झाले. २००४ साली याज्ञिक यांनी लंडनचे मित्र जॉन युडकिन यांच्यासोबतचा आपला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२. हे काम मधुमेहासंबंधी आहे. पण सांध्याच्या सर्जनने तो फोटो उलट बाजूनेही वाचावा : बीएमआय तोच असताना आपल्या माणसाच्या अंगात चरबी जास्त, म्हणजे स्नायू कमी. तेव्हा 'आम्ही मुळातच बारीक' ही सबब चालत नाही. उलट १९ किंवा २० बीएमआयचा आपला रुग्ण रेघेच्या वर असूनही स्नायूंच्या हिशेबात गरीब असू शकतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे पाचातल्या एका स्त्रीचा बीएमआय १८.५च्या खाली आहे, असे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. त्याच बायका उद्या गुडघे धरून सर्जनकडे जाणार आहेत.

मग तपासायचे काय? रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन बरीच वर्षे पोषणाचे माप मानले गेले. आता कळते आहे की ते अन्नापेक्षा शरीरातल्या दाहाबद्दल अधिक बोलते. त्याने धोका कळतो, पण कारण कळत नाही. दंडाचा घेर, मुठीच्या पकडीचा जोर, खुर्चीवरून हात न टेकता उठता येते का, हे साधे उपाय अजून उपयोगी आहेत. आणि सर्वांत उपयोगी आहे तो स्टडलींचा प्रश्न : गेल्या वर्षी वजन किती होते? वजन अलीकडे घटले असेल तर आधी क्षय, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग यांचा शोध घ्यायला हवा. सांधा थोडा थांबू शकतो.

पण मावशींना हा प्रश्न विचारला असता तर त्या काय सांगणार होत्या? शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना असतो. मावशी चौथीतून घरी बसल्या. त्यानंतर त्यांचे वजन कोणी लिहून ठेवले असेल तर ते बाळंतपणात. नोंद नव्हती तरी खुणा होत्या, त्या नंतर आम्हाला आठवत गेल्या. कासाराकडे भरलेल्या बांगड्या दोन वर्षांपूर्वी मनगटावर बसत. आता हात वर केला की त्या थेट कोपराकडे घरंगळत. चोळ्या शिंप्याकडे आवळायला गेल्या होत्या. वजन नक्की घटले होते. म्हणजे आमच्या काटक मावशी केव्हा कृश झाल्या ते आमच्या घरात कोणाच्या ध्यानात आले नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत तर आम्ही भरच घातली. आजारी माणसाला 'हलके' द्यायचे या रूढीप्रमाणे सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पेज नाहीतर वरणभात, रात्री मन असेल तर एखादी भाकरी, आणि मंगळवारी व एकादशीला उपास. "ह्या वयात किती खाऊन खायाचं रं?" असे त्या म्हणत आणि आम्ही माना डोलावत असू. पुढे आम्ही एका दिवसाचे गणित केले : प्रथिन फार तर २२ ग्रॅम. अशा वेळी किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागते, म्हणजे त्यांना ४५ ते ५७ ग्रॅम. माळकरी असल्याने अंडी-मटणाचा प्रश्न नव्हता. पण आमचे गाव कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिणाऱ्यांचे. पाव लिटर म्हशीच्या दुधात सुमारे १० ग्रॅम प्रथिन असते, मूठभर भाजक्या शेंगदाण्यांत सात-आठ. दोन पेले दूध आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यावर मेळ बसला असता, आणि ऊर्जाही मिळाली असती. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे गणित डॉक्टरांना विचारूनच करावे.

मावशींचा डावा गुडघाही आता थकला आहे. या वेळी आम्ही शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी डॉक्टरांशी बोललो आणि चार महिने मागून घेतले. दूध, शेंगदाणे, उसळ सुरू आहे. खुर्चीवरून उठबस करण्याचा व्यायाम रोज तीन वेळा, कारण नुसत्या खाण्याने चरबी वाढते, मांडीचा स्नायू वाढत नाही. उपास त्यांनी सोडले नाहीत, पण त्या दिवशी दूध घ्यायला कबूल झाल्या आहेत. त्यांचा आठवीतला नातू दर रविवारी गावातल्या सोसायटीच्या काट्यावर वजन करून वहीत मांडतो. पहिली नोंद ३८.५ची, गेल्या रविवारची ४०.२ची. मध्यंतरी एकदम दीड किलो वाढ दिसली तेव्हा सगळे खूश झाले होते. नातवाने पाय दाबून पाहिले तर सूज होती. ती उतरल्यावर आकडा पुन्हा खाली आला, आणि त्याने तोही तसाच लिहून ठेवला आहे.